कागद मास्तरांच्या घरी

दोन महिन्यांपूर्वी विमा कचेरीतला एक तरुण साहेब माझ्या घरी येऊन गेला. त्यांच्या कचेरीत कसलासा समारंभ होता आणि या भागातला सगळ्यात जुना एजंट म्हणून मी तिथं दहा मिनिटं बोलावं, असं त्याचं म्हणणं. विषयही त्यानंच ठरवून आणला होता : विमा व्यवसायाची वाढ. त्याच्या हातात एक चकचकीत मासिक होतं. त्यात साऱ्या जगाचा नकाशा छापून प्रत्येक देशावर एकेक खांब उभा केला होता. जिथं विमा जास्त तिथं खांब उंच. "आजोबा, बघा, जगात सगळीकडं वाढच वाढ," तो म्हणाला. मी चष्मा लावून बघितलं. आमचा मुलूख त्या नकाशात करंगळीच्या नखाएवढाही नव्हता.

मी गेलो आणि बोललो. सायकलवरून खेडोपाडी कसा हिंडायचो, लोक कसे हसायचे, मग हळूहळू त्यांना विम्याचं महत्त्व कसं पटलं, असं सगळं ऐकणाऱ्याला गोड लागेल ते सांगितलं. शाल घेतली, नारळ घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही. जे तिथं बोललो नाही ते इथं लिहून टाकतो. शाल परत करणं काही माझ्याच्यानं व्हायचं नाही.

तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. मी एका खासगी मराठी शाळेत मास्तर होतो. शाळेची मंजुरी गेली, शाळा बसली आणि तिच्याबरोबर मीही घरी बसलो. त्याच सुमारास अकोल्याकडून रेल्वेनं एक गृहस्थ आले. डोक्यावर काळी टोपी, पायांत मोजे, बोलणं साखरेत घोळलेलं. ते एका विमा कंपनीचे संघटक होते. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ती पुढं दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली, ती तिसरीच्या गेली, आणि शेवटी सरकारनं सगळ्यांनाच एका पोटात घातलं. पण त्या काळी सरहद्दीपलीकडं विमा कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. ज्या गावात दोन वकील आणि एक छापखाना, त्या गावात एक कंपनी. प्रत्येकीचं नाव देशभक्तीनं भिजलेलं, प्रत्येकीचं कॅलेंडर देवादिकांच्या चित्रांचं.

संघटकांनी मला ओसरीवर बसवून जग दाखवलं. विलायतेत न्हावीसुद्धा विमा उतरवतो, म्हणाले. अमेरिकेत पोर जन्मलं की आधी विम्याचा कागद आणि मग पाळणा. जहाजाचा विमा, आगीचा विमा, घोड्याचा विमा. "मास्तर, हा धंदा नाही, ही जगाची लाट आहे. तुमच्या भागात ती अजून पोचायची आहे आणि ती आणणारे तुम्ही," असं ते म्हणाले. माझ्या घरात त्या दिवशी ज्वारीचं पीठ संपलं होतं. लाट आणायला मी एका पायावर तयार झालो.

लाट आणणं सोपं नव्हतं. वय विचारलं की लोक म्हणायचे, मोठ्या तापाच्या साली पाळण्यात होतो, आता तुमीच लावा हिशेब. कंपनी म्हणायची जुलै, आमचे लोक म्हणायचे अमरदाद, कारण राज्याचे महिने वेगळे आणि सालही वेगळं. आमच्याकडं निजामाचा हाली रुपया चालायचा, कंपनीला इंग्रजांचा कलदार लागायचा. म्हणून हप्ते गोळा करून मी सरहद्दीपलीकडं वाशीमला जायचो आणि तिथून मनिऑर्डर करायचो. नाक्यावरचा शिपाई कॅलेंडरची गुंडाळी उलगडून बघायचा आणि एखाद्या पानावर पुढाऱ्याचं चित्र निघालं तर ते पान फाडून घ्यायचा. त्यामुळं माझ्या गिऱ्हाइकांच्या घरी कधी ऑगस्ट नसायचा, कधी ऑक्टोबर.

पण खरी अडचण यातली कुठलीच नव्हती. माझं पहिलं गिऱ्हाईक कापसाच्या जिनातला मुनीम. शहाणा माणूस, चार बुकं शिकलेला. पॉलिसीचा कागद आला तेव्हा तो घेऊन घरी गेला आणि बायकोनं विचारलं तेव्हा त्यानं खरं काय ते सांगितलं. मी मेलो तर तुला पैसे मिळतील, त्याचा हा कागद. आठव्या दिवशी जिनाच्या आवारात पाय घसरून तो पडला आणि घोट्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको माझ्या दारात उभी. चुलीतला निखारा धरावा तसा तिनं तो कागद चिमट्यात धरला होता. "मास्तर, हे तुमचं तुमच्या घरी ठेवा," एवढं म्हणाली, ओसरीच्या कडेवर कागद टाकला आणि चिमटा धुवायला पाणी मागितलं. माझ्या बायकोनं पाणी दिलं. माझ्याकडं तिनं असं पाहिलं की जणू मीच मुनिमाचा पाय मोडला होता.

ही गोष्ट बाजारात पसरली आणि मला वाटलं, धंदा बुडाला. झालं उलटंच. लोकांनी त्यातून वाट काढली. विमा घ्यायला हरकत नाही, पण कागद घरात नको. कागद मास्तरांच्या घरी राहील. आणि दुसरं, घरातल्या बाईला यातलं काही कळता कामा नये. तिच्या कानावर मरणाची भाषा कशाला घालायची? तिचं कुंकू, तिचा चुडा, त्याची किंमत कागदावर मांडली असं तिला कळलं तर ती अन्न गोड लागू देणार नाही. हिंदू असो, मुसलमान असो, हिंगोलीतला दुकानदार असो की नरसीचा शेतकरी, सगळ्यांची अट एकच. सही करताना लोक आधी दाराकडं बघायचे, आणि मग खालच्या आवाजात म्हणायचे, "घरी बोलायचं न्हाई बरं का."

मी हे संघटकांना सांगितलं. त्यांनी खरं तर कपाळाला हात लावायला हवा होता. ते खूश झाले. "उत्तम! म्हणजे हप्ता कधी, कागद कुठं, सगळं तुमच्या हातात. गिऱ्हाईक कुठं जाणार?" असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. ज्या बाईसाठी विमा, तिलाच तो माहीत नाही, असा हा धंदा मी दहाएक वर्षं केला. माझ्या भागात व्यवसाय वाढतो आहे म्हणून कंपनीनं मला एक घड्याळ बक्षीस दिलं. ते दोन वर्षांत बंद पडलं.

एकदाच मला या चालीचा चटका बसला होता, आणि तरी मी शहाणा झालो नाही. कळमनुरीकडचा एक शिंपी वारला. मी पैसे मंजूर करून घेतले आणि मोठ्या अभिमानानं त्याच्या घरी गेलो. बाई भिंतीशी बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी तुमी दोघं मिळून त्येंच्या मरणावर पैसे लावून बसले होते?" दिरानं तिचा अंगठा धरून उठवला आणि पैसे मोजून घेतले. तिला त्यातलं काय मिळालं, मी विचारायला गेलो नाही.

आता पेटीचं सांगतो. कागद वाढत गेले तसे ते ठेवायला पेटी लागली. बाजारात एक पेटीवाला होता, मुसलमान, माझ्याच वयाचा. पत्रा ठोकून ट्रंका बनवायचा. लग्नसराईत त्याच्या दुकानासमोर लोकांची रीघ असायची. झाकणावर तो स्वतःच्या हातानं गुलाबाची फुलं काढायचा, आणि ती इतकी ढोबळी असायची की लोक त्यांना कोबी म्हणून चिडवायचे. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला मास्तर. माझ्या पेटीवर त्यानं फूल काढलं नाही. "लोकाच्या मरणाचे कागद ठिवणार अन् वर गुलाब काहून?" असं म्हणून त्यानं ती नुसती काळी रंगवली. हिंगोलीत तेव्हा एकच बिनफुलांची ट्रंक होती आणि ती माझ्या ओसरीवर होती. माझ्या बायकोनं तिला कधी माजघरात येऊ दिलं नाही. ती तिला मरणाची पेटी म्हणायची आणि तिच्यावर पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवायची नाही. माझा स्वतःचा विमा नव्हता, हेही सांगून टाकतो. बायकोनं शपथ घातली होती आणि मी ती आनंदानं पाळली. दुसऱ्यांना दहा वर्षं जे पटवलं ते मला स्वतःला कधी पटवता आलं नाही.

भाईच्या दुकानात मी रोज टेकायचो. सायकल तिथंच लावायचो. तो पत्रा ठोकता ठोकता माझी थट्टा करायचा. "मास्तर, आज कोनाच्या मरणाचा बयाना घेऊन आले?" पण त्याच्या मनात विषय घोळत होता. ये जुव्वा तर न्हाई ना, असं त्यानं मला किती वेळा विचारलं असेल. मशिदीतल्या बुजुर्गांनाही विचारलं. त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. अशी काही वर्षं गेली. लढाई संपली. त्याला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली, आणि ती रांगायला लागली तेव्हा एक दिवस त्यानं हातोडी खाली ठेवली.

"मास्तर, माझा बाप गेला तवा मी येवढा होतो." त्यानं हात जमिनीपासून दोन वीत वर धरला. "माय लोकाचं जातं वढू वढू मेली. माझ्या मागं घरवालीवर ती पाळी न्हाई याला पायजे. काढा तुमचा कागद."

मी फॉर्म काढला. खोकला आहे का, बाप कशानं गेला, दारू पिता का, सगळे प्रश्न विचारले. शेवटी, पैसे कोणाला मिळावेत ते नाव लिहायचं होतं. बाजारात बसून बायकोचं नाव घ्यायची त्याला लाज वाटली. तो उठला, माझ्या कानाशी वाकला आणि हळूच नाव सांगितलं. मी ते लिहिलं. तिच्यासमोर मी ते नाव कधी उच्चारलं नाही, मी तिला भाभीच म्हणायचो. आणि अट तीच. "तिला सांगायचं न्हाई. सांगितलं तर रोज माझ्या तोंडाकडं पाहत बसंल." कागद आला तेव्हा त्यानं स्वतः बनवलेल्या पेटीत स्वतःच्या हातानं ठेवला आणि झाकण लावलं.

त्यानंतर दीड वर्षात सगळं फिसकटलं. देश स्वतंत्र झाला आणि आमचं राज्य अधांतरी राहिलं. गावात निजामाच्या पाठीराख्यांच्या कवायती सुरू झाल्या. कोणाच्या घरात किती दागिना आहे याची चौकशी होऊ लागली. आज या घराला कुलूप, उद्या त्या घराला. हिंदू घरं नदीपलीकडं वऱ्हाडात चालली होती, कोणी वाशीमला, कोणी पुसदला. उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या बायकोनंही भांडी बांधली.

प्रश्न पेटीचा होता. नाक्यावर प्रत्येक गाठोडं सोडून बघत होते. पेटीत साठ-सत्तर माणसांचे कागद, त्यावर नाव, गाव आणि रक्कम. असा कागद भलत्याच्या हाती पडला तर गावातल्या पैसेवाल्यांची यादीच त्याला आयती मिळाली असती. मी भाईकडं गेलो. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "तुमी काहून फिकर करून राहिले? पेटी पेटीवाल्याच्या दुकानात ठिवा. कोन पाहतं?" त्या दुपारी त्यानं माझ्या ओसरीवरून ती उचलली, डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून घेऊन गेला. दुकानात वीस-बावीस ट्रंका एकावर एक रचलेल्या होत्या. त्यानं ती मधे सरकवली. आणि ती ओळखू येऊ नये म्हणून बसून तिच्यावर एक गुलाब काढला. मी समोर उभा राहून पाहत होतो. घाईत काढला तरी कोबीच झाला. आम्ही दोघंही हसलो.

निघताना त्यानं फडक्यात बांधलेले पैसे माझ्या हातात दिले. अमरदादचा सहामाही हप्ता. तो अजून तीन-चार महिने लांब होता. "टपालाचा भरवसा न्हाई, मास्तर. तुमी तिकडं जाऊन राहिले तर तिकडूनच भरून टाका. बराबर वक्तावर भरा." मी म्हटलं, काळजी करू नको. एवढं साधं काम होतं. वाशीमला पोस्ट होतं, मनिऑर्डरचा फॉर्म होता, आणि पैसे माझ्या खिशात होते.

वाशीमला आम्ही एका धर्मशाळेत उतरलो. माझी निम्मी गिऱ्हाइकं तिथंच होती. कोणी चिंचेखाली, कोणी नातेवाइकांच्या गोठ्यात. त्यांच्याकडं हप्त्याला पैसे नव्हते. होते ते खाण्यात गेले होते. माझ्याजवळ गावाहून निघण्याआधी जमा झालेले थोडे पैसे होते आणि भाईचं फडकं होतं. आणि मग मी जे केलं ते मला विम्याच्या धंद्यानंच शिकवलं होतं. मी धोका मोजायला बसलो.

एक किराणा दुकानदार होता, त्याला दमा. धर्मशाळेच्या ओलीत तो असा खोकायचा की शेजारची बिऱ्हाडं उठून बसत. चार पोरं पदरात, दुकान हिंगोलीत लुटलेलं. हा माणूस पावसाळा काढत नाही, असं मला स्पष्ट दिसत होतं. त्याचा हप्ता थकला होता आणि उशिरा भरायच्या सवलतीचे दिवस संपत आले होते. उलट भाई. धडधाकट, पत्रा वाकवणारे दंड, आपल्या घरात, आपल्या दुकानात, आणि राज्य त्याच्या लोकांचं. त्याला काय होणार आहे? मी अगदी याच शब्दांत विचार केला. राज्य त्याच्या लोकांचं. जसं काही निजाम त्याच्याकडून ट्रंका नेत होता.

फडक्यातले पैसे मी दमेकऱ्याच्या नावावर भरले. चोरी केली असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट शहाणपण केलं असं वाटलं. भाईचा हप्ता जुलैचा होता, पुढं सवलतीचा महिना होता, तोवर कुठूनतरी उभे करू. जुलै गेला. ऑगस्टात मी एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं, पण पगारातून घरात दाणा भरला. सवलतीचा शेवटचा दिवस मला नीट माहीत होता. त्या दिवशी मी पोस्टावरून गेलो. आत गेलो नाही. एक पत्र आलं नाही, एक निरोप आला नाही, भाई मजेत असेल, असं मनाला सांगत पुढं निघून गेलो. कागद तीन वर्षांचा झाला असता तर हप्ता चुकूनही थोडंफार हाती लागलं असतं. तो दोन वर्षांचाही नव्हता. त्या दिवसापासून तो रद्दी झाला, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होतं.

सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. वाशीमला पेढे वाटले, मीही खाल्ले. त्याच दिवसांत आमच्या भागात गावोगाव काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. इतके महिने ज्यांनी दहशत घातली ते तर केव्हाच पसार झाले होते. सापडले ते घरी राहिलेले. पिंजारी, मणियार, पेटीवाले. ज्यांना आपण कुणाचं काही केलं नाही म्हणून पळायचं सुचलंच नाही असे.

भाई औंढ्याच्या रस्त्यावर सापडला. बायको आणि मुलीला तिच्या भावाकडं पोचवून तो दुकान बघायला परत येत होता. याहून जास्त मला माहीत नाही. ज्यांना माहीत होतं ते माझ्या ओळखीचे होते, माझ्याच देवळात येणारे होते, आणि मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पुढं कितीतरी वर्षं आम्ही एकमेकांना रामराम घालत राहिलो.

दमेकरी मात्र तो पावसाळा पार करून गेला. त्यानंतरचेही पुष्कळ पावसाळे त्यानं खोकत काढले. मुदत पूर्ण झाली तेव्हा स्वतःच्या हातानं पैसे घेतले, मला पेढ्यांचा पुडा आणून दिला आणि म्हणाला, मास्तर, त्या साली तुम्ही सांभाळून घेतलंत. मी पुडा घेतला. घेणं मला चांगलं जमतं, हे वाचणाऱ्याच्या एव्हाना लक्षात आलंच असेल.

आम्ही हिंगोलीला परतलो तेव्हा माझं घर होतं तसं होतं. कुलूपसुद्धा शाबूत होतं. भाईच्या दुकानाच्या फळ्या निघालेल्या होत्या आणि आत एकही ट्रंक नव्हती. मला आधी काय आठवलं, ते लिहायला हवं. मला आधी माझे कागद आठवले. साठ-सत्तर माणसांचे कागद गेले, आता कंपनीला काय सांगू, हे पहिल्यांदा मनात आलं, आणि भाई त्यानंतर.

चार दिवसांनी निरोप आला. भाभीनं बोलावलं होतं. ती भावाकडं राहत होती, औंढ्याच्या रस्त्यालगत गावाच्या टोकाला, एका खोलीत दोन बिऱ्हाडं. मी दुपारी गेलो. वाटेत मी ठरवत होतो की सगळं सांगायचं. कागद होता हेही, तो माझ्यामुळं गेला हेही. कंपनीला हातापाया पडून पत्र लिहायचं, नाहीतर स्वतः थोडे थोडे करून द्यायचे. चालताना माणूस फार चांगला असतो.

दार उघडं होतं. ती पडद्याआड बसली होती, मुलगी उंबऱ्यात. खोलीच्या मधोमध माझी पेटी होती. काळी, वर एकच गुलाब. कुलपाला धक्का नव्हता.

"त्यांनी आमाला इथं आणलं तवा येताना उचलाया लावली," पडद्याआडून ती म्हणाली. "म्हने, यात लोकाचा भरवसा हाय. मास्तर आल्याबिगर उघडायची न्हाई. आन् कोनी इचारलं तर आपलीच म्हनायची. दोन पेट्या घेऊन चालनं होत न्हवतं. लेकरू त्यांच्या कडंवर होतं. आमची तिथंच राहिली."

"तुमची राहिली?"

"तिच्यात कपडे होते, दुसरं काय."

पुढं कळलं, त्यांच्या पेटीत तिचा सगळा दागिनाही होता. ती गेली ती गेलीच. तिनं डोक्यावरून आणली ती माझी.

वाशीमला निघताना मी भाईकडं दिलेली किल्ली तिनं मुलीच्या हातून दिली. मी पेटी उघडली. सगळे कागद जसेच्या तसे होते. दमेकऱ्याचा होता, मुनिमाचा होता, वाशीमला पळालेल्या प्रत्येकाचा होता. भाईचा कागद त्यानं ठेवला होता तिथंच होता, उजव्या बाजूला, उभा खोचलेला. मी तो बाहेर काढला नाही. तिचं नाव त्याच्यावर माझ्याच अक्षरात होतं. मी झाकण लावलं.

मग तिनं विचारलं. ती ओशाळून विचारत होती, एखादी बाई शेजारणीकडं विरजण मागते तशी.

"मास्तर, एक इचारू का? त्यांनी ती पेटी लई जपली. दुकानातून घरी आनली ती माझ्या उशाशी ठिवली. यात आमचं बी काई हाय का?"

मी ठरवून आलो होतो. शब्द तयार होते. आणि खरं सांगायचं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या धंद्यानंच माझ्या हाती आयतं दिलं होतं. हप्त्याची मुदत टळून कागद रद्द झाला होता. कायद्यानं त्यात तिचं काही नव्हतं. बाईला कळू द्यायचं नाही ही अटही भाईनंच घातली होती.

"न्हाई, भाभी," मी म्हणालो.

"मंग बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, आमचं काई ऱ्हायलं तर तुमाला तकलीफ व्हईल. लोकाचं तेवढं बराबर पोचवा."

पेटी जड होती. मला एकट्याला ती डोक्यावर घेता येईना. भाऊ घरी नव्हता. शेवटी ती पडद्यातून बाहेर आली, एका बाजूनं हात लावला आणि तिनंच ती माझ्या डोक्यावर चढवून दिली.